रुपयाला लोखंड म्हणणारं यंत्र

खोकं उघडलं तेव्हा बायकोने विचारलं, "झाडू मागवलास?" मेटल डिटेक्टर होता तो, जमिनीतला धातू शोधणारं यंत्र; पण दिसतं तसंच ते. लांब दांडा, खाली ताटलीएवढं गोल वेटोळं, हाताशी आकडे दाखवणारा छोटा पडदा. फिरवायचंही झाडल्यासारखंच, फक्त कानाला हेडफोन लावून.

नाशिककराला हे वेड लागायला निमित्त शोधावं लागत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा मारलेला. शत्रूचा पैसा वितळवत कोण बसणार, त्याच्याच तोंडावर आपलं चिन्ह उठवलं की झालं! हे वाचल्यापासून शेतातली ढेकळं मला निराळी दिसू लागली.

पहिली चाचणी अंगणात. वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूत बारीक प्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर किती मागे पडलं यावरून यंत्र धातू ओळखतं. खिळे-चुका खणून कंबर मोडू नये म्हणून 'लोखंड वगळा' अशी सोय असते. ती लावली आणि खिशातला रुपया फरशीवर ठेवला. यंत्राने नुसतं कुरकुर केलं. एकदा बरा आकडा दाखवला, लगेच मागे घेतला. जुन्या डब्यातलं कमळाचं वीस पैशांचं पितळी नाणं ठेवलं, तर कोकिळेसारखं ओरडलं.

यात यंत्राची चूक नव्हती. १९९२पासून आपला रुपया लोखंड-क्रोमियमच्या पोलादाचा आहे. म्हणजे आज चालतो तो पैसा यंत्राला भंगार, आणि जो कुठला वाणी घेणार नाही तो खरा! रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून गोदेत गळ टाकणारी पोरं आठवली. त्यांचा सगळा धंदा याच पोलादावर चालतो. सोनेरी पाचाचं नाणं त्यांच्या चुंबकाला दाद देत नाही, ते पाण्यातच राहतं. माझ्या यंत्राची किंमत सांगितली तर ती पोरं मला कुंडात ढकलतील.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वगैरे जायचा प्रश्नच नव्हता; संरक्षित जागेत खणलं तर गुन्हा. म्हणून मखमलाबादला मामाच्या शेतावर गेलो. द्राक्षबागेत शिरलो आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. बाग म्हणजे तारांचा मांडव, यंत्राला भूतबाधा झाल्यासारखं झालं. मग पडीक बांधाकडे वळलो. आपली काळी माती काळ्या दगडाची झीज, तिच्यातच लोहाचे कण. यंत्र तिच्याशी जुळवून घेईपर्यंत आपलं पुटपुटत राहतं.

दोन तासांत मिळालं ते असं: गुटख्याच्या चंदेरी पुड्या सहा, बाटलीची बुचं चार, औषधाच्या ट्यूबचा चुरगळा. प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसून खुरप्याने वीतभर खणायचं. मामा बांधावर बसून तंबाखू मळत होता. "हागणदारी होती पूर्वी इथं," एवढंच म्हणाला, तेही मी तिसरा खड्डा खणल्यावर.

मग चिंचेखाली एक स्वच्छ सूर आला. कुठूनही फिरवा, आकडा हलेना. खणलं. हिरवट चकती, मध्ये गोल भोक. भोकाचा पैसा! युद्धात धातू वाचवायला सरकारने मधलंच काढून घेतलं होतं. थुंकीने पुसल्यावर १९४४ दिसलं.

"कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"१८७८चा कायदा ना तो? माझ्या बांधाच्या भांडणात वकील बोलला होता," मामा म्हणाला. पैसा त्याने तळहातावर घेतला, उलटा केला, भोकातून चिंचेकडे पाहिलं. "आई पोरांच्या करदोट्यात ओवायची हे. माझा इथंच कुठं तरी तुटला. लई मार खाल्ला होता."

पैसा त्याने मला परत दिला नाही. बंडीच्या खिशात टाकला आणि उठला.

"चल, आता कामाचं काहीतरी बघ. मोटरीचा पाना हरवलाय दिवाळीपासून, विहिरीपाशीच पडला असंल."

मी 'लोखंड वगळा' बंद केलं आणि त्याच्या मागे निघालो.