इतक्यान काय होतला?

आमच्याकडे मागच्या पडवीत एक खुंटी आहे आणि तिच्यावर कायम एक शर्ट असतो. तो कुणाचा हे विचारायचं नसतं. बागेत जाताना ज्याचा हात आधी पोचेल त्याचा. मूळचा रंग पाहायचा असेल तर कॉलर उलटी करावी लागते. बाकी सगळा शर्ट काजूच्या बोंडांनी, फणसाच्या चिकाने आणि केळीच्या पाण्याने आपल्या मर्जीप्रमाणे रंगवून घेतलेला आहे.

वेंगुर्ल्याकडच्या पोराला बाकी काही कळो न कळो, चांगल्या कपड्यांत केळीचा घड उतरवायचा नाही हे कळतं. केळीचं पाणी अंगावर उडतं तेव्हा अगदी पाण्यासारखंच दिसतं. हवा लागली की ते काळवंडतं, आणि मग कितीही साबण लावा. काजूचं तसंच. जात वेंगुर्ला-४ असो नाहीतर कुंपणाकडचा गावठी, बोंडाचा डाग सारखाच हट्टी. टरफलातल्या तेलाचं तर विचारू नका, कपडे राहिले बाजूला, हाताची सालं निघतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायचे त्या याच बिब्ब्याच्या रसाने, चुन्याची जोड देऊन. कपडा फाटेपर्यंत खूण जागच्या जागी. म्हणजे कपडे डागाळण्याचं काम ज्या कुळाकडे अधिकृतपणे सोपवलेलं होतं, त्याच कुळाच्या सावलीत आमचं आयुष्य जातं.

त्यामुळे शिस्त आपोआप आलेली आहे. फणस फोडायचा म्हणजे खाली रद्दी पसरायची, सुरीला आणि बोटांना खोबरेल लावायचं आणि अंगातलं बरं काही असेल ते आधी काढून ठेवायचं. हे कुणी कुणाला सांगत नाही.

आणि हीच माणसं इस्त्रीच्या शर्टात हातात ब्रश धरतात.

याचं कोडं मला पुष्कळ वर्षं सुटत नव्हतं. फणसापुढे इतका शहाणा असणारा माणूस ऑइलपेंटच्या डब्यापुढे एकाएकी असा का वागतो? माझ्यापुरतं उत्तर असं की, फणस फोडणं हे आपण काम समजतो. रंगाचा हात फिरवणं किंवा काही चिकटवणं हे काम नसतंच, ते जाता जाता व्हायचं असतं. घरभर रंग काढायचा असेल तेव्हा सगळे फाटके बनियन, लुंग्या, जुने गाऊन बाहेर येतात आणि डाग पडले तरी कुणाचं काही जात नाही. वाट लागते ती बोटभर कामात. बोटभर कामासाठी कपडे बदलायचे म्हणजे कामापेक्षा बदलणंच मोठं. शिवाय कपडे बदलले की ते काम आहे हे कबूल केल्यासारखं होतं, आणि मग ते नीट करावं लागतं.

धाकटे काका या पंथाचे जुने अनुयायी. एकदा कुडाळला लग्नाला निघायचं होतं. गाडी यायला अवकाश होता. काका तयार होऊन अंगणात उभे, आणि त्यांना फाटकावर गंजाचा ठिपका दिसला. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काही टिकत नाही. खिडकीचे गज, फाटक, पंपाचा पाइप, सगळ्यांना दर पावसाळ्यानंतर रेडॉक्साइड आणि वर ऑइलपेंट. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक घरात जिन्याखाली अर्धामुर्धा रंगाचा डबा असतोच. काकांनी तो काढला. काकी आतून ओरडली, "अवो, लग्नाक जावचा आसा ना?"

"इतक्यान काय होतला?" असं म्हणत काकांनी स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटलं.

या अर्ध्या डब्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्यात वर रंगाची साय धरलेली असते. ती काडीने बाजूला करायची. ती काडी मग कुठे ठेवायची हा पहिला प्रश्न. पण लोक समजतात तसा खरा धोका रंग लावताना नसतोच. काकांनी फाटकावर हात फिरवला, शर्टावर एक थेंब नाही. ब्रश कागदात गुंडाळला, तरी नाही. मग त्यांनी झाकण डब्यावर ठेवलं आणि ते नीट बसावं म्हणून वर हातोडी मारली. डब्याच्या काठाला जी खाच असते तिच्यात रंग साचलेला असतो. झाकण खाली गेलं की त्याला जायला एकच वाट उरते, आणि डबा पोटाशी धरलेला असल्यामुळे ती वाट शर्टाकडे जाते. झाकणावर आधी फडकं टाकून मग ठोकावं हे ज्ञान आमच्या घरात त्या दिवशी आलं. लग्नात काका शेवटपर्यंत हाताची घडी घालून वावरले. लोकांना वाटलं, मुलीकडच्यांवर नाराज आहेत.

हे किरकोळ प्रसंग वर्षभर चालू असतात. मुख्य हंगाम गणपतीचा. सिंधुदुर्गात गणपतीच्या मागची भिंत रंगवून तिच्यावर चित्र काढायची रीत आहे. वर लाकडी माटवी, म्हणजे फळं-पानं बांधायची चौकट, टांगायची, तिलाही रंगाचा हात द्यायचा. चाकरमानी मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरतो, चहा पितो आणि अंगावरची जीन्स न बदलता भिंतीशी जाऊन उभा राहतो. गावाला जायचं म्हणून त्याने खास नवे कपडे घेतलेले असतात, आणि वर्षभर ऑफिसात बसून हातांना काहीतरी करायची भूक लागलेली असते. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी जमून येतात.

पूर्वी मखर थर्माकोलचं असायचं. त्यावर ऑइलपेंट लावला की पेंटमधल्या थिनरने थर्माकोलच विरघळायला लागायचं. दरवर्षी कुणीतरी नवा शहाणा हा शोध नव्याने लावायचा आणि कमळाची पाकळी वितळताना हाताने सावरायला जाऊन चिकट रंगाने बाह्या भरून घ्यायचा. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि पुठ्ठा, कापड, बांबू यांचे दिवस परत आले. म्हणजेच गोंदाचे.

पांढऱ्या गोंदाचा स्वभाव फसवा. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला, त्याआधी सुतार सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो सरस तापवावा लागे आणि त्याला असा वास येई की चांगले कपडे घालून कुणी जवळ फिरकतच नसे. पांढरा गोंद बिनवासाचा, थंड, दुधासारखा गरीब. ओला असताना पाण्याने जातोही. पण सुकला की पारदर्शक होतो, आणि माणसाला वाटतं डाग गेला. कपडा इस्त्रीला घेतल्यावर कळतं की पोटावर तळहाताएवढा भाग पुठ्ठ्यासारखा ताठ झालेला आहे. त्यात आमचा भाद्रपद. हवेत इतका दमटपणा की गोंद संध्याकाळपर्यंत सुकत नाही. मखराला कुणीतरी टेकतं, कुणी त्यावर कोपर ठेवतं, आरतीला येणाऱ्या पोरांचे झगे घासून जातात. एका माणसाच्या हौसेचा प्रसाद असा घरभर वाटला जातो.

झटपट चिकटणारा गोंद नेमका उलट. त्यातल्या सायनोअॅक्रिलेटला घट्ट व्हायला ओलच लागते, त्यामुळे आमच्या हवेत त्याला अंगात आल्यासारखं होतं. ही गोष्ट मात्र गमतीवारी नेण्यासारखी नाही. हा गोंद सुती कापडावर जास्त सांडला तर कापड तापतं, कधी धूर निघतो, खालची कातडी भाजते. भाच्याने माटवीचा निखळलेला तुकडा मांडीवर धरून चिकटवायला घेतला आणि ट्यूब सांडली. तो नाचायला लागल्यावर घरातल्यांना वाटलं, गणपती आले म्हणून आनंद झालाय. पँट वेळेवर उतरली म्हणून मांडी वाचली. पँटवर आता काचेसारखा कडक ठिपका आहे. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने तो थोडा सुटला, तेवढ्यात त्याची सुट्टी संपली.

डाग पडला की गावातल्या तज्ज्ञांना वाचा फुटते. एक म्हणते लिंबू-मीठ. दुसरी म्हणते खोबरेल, कारण फणसाचा चीक त्याने जातो. तिसरी गरम पाणी आणि ब्लीच घेऊन उभीच असते. प्रत्येकीचा उपाय खरा असतो, डाग वेगळा असतो. ऑइलपेंट ओला असेतोवर थिनरने किंवा रॉकेलने निघतो, तेही कापडाच्या उलट्या बाजूने, खाली फडकं धरून टिपत गेलात तर. चोळलात तर पसरतो. एकदा तो वाळला की हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा पक्का थर झालेला असतो, मग रॉकेलने फक्त वास येतो. आणि बाहेर पाऊस, कपडे घरातच दोरीवर. गौरी जेवून परत जाईपर्यंत माजघरात उदबत्ती आणि रॉकेल यांची जुगलबंदी चालू.

या सगळ्यात एक माणूस मला फार छळतो. गावातल्या कित्येक घरांच्या भिंती रंगवणारा चित्रकार. तो येतो पांढऱ्या शर्टात. दिवसभर निळं आकाश, हत्ती, कमळं काढतो. जातो त्याच पांढऱ्या शर्टात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर बसलेले असतात, तिथेही हेच पाहिलं. बोटाएवढ्या जागेत दशावतार उतरवणारे, आणि कपडे स्वच्छ. मी चित्रकाराला निरखून पाहिलं. तो ब्रश बुडवला की डब्याच्या काठाला निपटून घेतो, खांद्यावर फडकं असतं, आणि हातात ब्रश असताना तो बोलत नाही. आमच्याकडे रंग काढताना भावकीतल्या जमिनीचा विषय निघतो, आणि मुद्दा पटवायला ब्रशचाच हात उंचावतो.

गेल्या गणपतीला भाच्याने यावर तोड म्हणून ऑनलाइन एक एप्रन मागवला. जाड डेनिमचा, चामडी पट्ट्यांचा, ब्रश ठेवायला खिसे असलेला. खोका उघडला तेव्हा सगळं घर जमलं. काकीने कापड दोन बोटांत धरून पाहिलं, शिवण पाहिली, किंमत विचारली. भाच्याने सांगितली.

"ह्यो बरो आसा रे," काकी म्हणाली, "असलो खराब कित्याक करतंस?" आणि तिने एप्रन घडी घालून कपाटात ठेवला. भाचा नव्या टी-शर्टात माटवी रंगवायला गेला.