मागचा बंपर तसाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे पेट्रोल पंपावरचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात उकिडवे बसून फोटो काढणारी मुलं आणि माझे सख्खे दीर. प्रश्न एकच: माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचा पुढचा बंपर आरशासारखा लखलखतो, मग मागच्यावर गंजाचे ठिपके कशाला ठेवलेत? पैसे संपले का, असंही एकदोघांनी हळूच विचारून झालंय. नाही संपले.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि तेव्हापासून माझ्या गाडीवर सगळ्यांचाच हक्क आला. हक्कासोबत सल्लेही आले. पितांबरी लावा. टूथपेस्ट लावा. चंदेरी स्प्रे मारून टाका, कोण बघतंय!

चकाकतं ते सगळं क्रोम नसतं. स्टीलच्या पट्टीचे पोचे मागून हलके ठोकून काढायचे, ओल्या पॉलिश पेपरने घासायची, मग बफ. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी धुरकटली असेल तर वरून जन्मभर घासा, काही होत नाही, कारण तिच्यावर अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर असतो. तो कॉस्टिक सोड्याने उतरवावा लागतो. हे सगळं मी हातमोजे घालून बाल्कनीत केलं. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

बंपरची गोष्ट वेगळी. पोलादावर निकेल आणि निकेलवर क्रोम. वरचा क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा, यावरून समजा. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खारी दमट हवा त्यांतून खाली पोलादापर्यंत पोचते, आणि आपल्याला वर ठिपका दिसतो तोवर खाली खड्डा पडलेला असतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळला की तांबूस डाग जातो. खड्डा राहतो. खरा इलाज एकच, जुने थर उतरवून, घासून, नव्याने निकेल आणि क्रोम चढवणं. मेळाव्यांमध्ये हे मीच ठणकावून सांगायचे. मुलामा नवा केल्याशिवाय गाडी पुरी झाली म्हणू नये, वगैरे. ती बाई मला अजून आठवते आणि तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या आजही बरोबर आहे.

तर पुढचा बंपर घेऊन मी एका औद्योगिक वसाहतीतल्या प्लेटिंगवाल्याकडे गेले. मालक सज्जन. चहा मागवला, झालेलं काम दाखवलं, भाव वाजवी सांगितला. मीच म्हटलं, टाक्या बघू का? ते जरा थांबले, मग म्हणाले, बघा की.

मागे पत्र्याच्या शेडमध्ये टाक्या ओळीने. निकेलची हिरवी. क्रोमची तांबडी-तपकिरी, घट्ट कढवलेल्या काढ्यासारखी, आणि वर सतत बुडबुडे. आत सोडलेल्या विजेतली थोडीच क्रोम चढवण्यात खर्ची पडते, बरीचशी हायड्रोजन सोडण्यात जाते. तो बुडबुडा फुटताना क्रोमिक आम्लाचा बारीक तुषार हवेत उडवतो. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि घशाशी येणं यात फरक आहे. टाकीपाशी विशी-बाविशीचा मुलगा उभा होता. एका हातात मोजा होता, दुसऱ्यातला फाटला म्हणून काढून ठेवलेला. बोटांच्या पेरांवर गोल खळगे होते, कडा उभ्या, पंचने पाडावेत तसे.

"हे काय रे?"

"काही नाही ताई. दुखत नाही."

ते खरं असतं. क्रोमच्या जखमा बऱ्याचदा दुखत नाहीत, म्हणून तर दुर्लक्षित राहतात. नाकातल्या पडद्यालाही असंच भोक पडू शकतं. या क्रोमिक आम्लातल्या क्रोमियममुळे, म्हणजे त्याच्या विषारी, षट्संयुजी रूपामुळे, फुप्फुसाचा कर्करोग होतो हेही आता सिद्ध झालेलं आहे. त्याला यातलं किती माहीत होतं, मी विचारलं नाही. त्यानेच मला विचारलं, "पद्मिनी ना? आमच्या मामाची होती." बंपरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवत म्हणाला, पत्रा चांगलाय, छान होईल.

मी बंपर ठेवून आले. हे नीट ऐका, कारण यापुढे मला थोर समजायची सोय राहत नाही. बघितलं, वाईट वाटलं आणि आगाऊ रक्कम देऊन आले. ठरलेल्या दिवशी बंपर आला. छान झाला होता.

मागचा मात्र नेला गेला नाही. निर्धार वगैरे काही नव्हता. दर वेळी गाडीत टाकायचा म्हणायचे आणि राहून जायचं. दीर म्हणतात, तुझ्या एका बंपरने त्याचे हात बरे होणार आहेत का? नाही होणार. उलट काम घटलं तर पहिला तोच घरी बसेल. आणि घरातले नळ? शॉवर? तेही क्रोमचेच, फक्त ते चढवणारा हात मी पाहिलेला नाही. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि तुम्ही तो पहिल्यांदा मांडताय असंही समजू नका.

युरोपात २०१७ पासून क्रोमिक आम्ल परवानगीशिवाय वापरता येत नाही, असं मी एकदा जेवताना म्हटलं, तर दीर म्हणाले, मग युरोपात पाठव बंपर. हसले सगळे. मीही.

पण मला खरा राग येतो तो "आळस केलात" म्हणणाऱ्यांचा. त्या मागच्या बंपरला मी महिन्याला फॉइल आणि मेण लावते, आतून गंज खरवडून प्रायमर मारते. पुढच्याला नुसतं फडकं पुरतं.

कमी विषारी, त्रिसंयुजी क्रोम चढवणारा कुणी जवळपास असेल तर जरूर सांगा, मी जाईन. त्याची झळाळी किंचित काळपट येते, हे आधीच सांगून ठेवते. पुढच्याशी जुळणार नाही, आणि मग तुम्ही ते विचाराल.