मोबाइलची बॅटरी आणि पानशेतचा पूर

दिवाळी अंकासाठी काळप्रवासाची कथा लिहायला घेतली, तेव्हा आराखडा सोपा वाटला होता. आजची मुक्ता १९६१ च्या पुण्यात तीनदा जाते: आधी पूर ओसरल्यावर, मग पुराच्या आदल्या रात्री, शेवटी १२ जुलैच्या ऐन पुरात. सकाळी पानशेतचं धरण फुटलेलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नारायण पेठेतल्या वाड्यात नऊ वर्षांची तिची आजी.

पहिला खर्डा मावशीला दिला. चौथ्या पानावर तिनं चष्मा काढला. "अगं, ही त्या पोरीला आधी भेटलीय की पहिल्यांदाच बघतेय?"

प्रत्येक प्रसंगावर मी तारीख आणि वेळ ठसठशीत टाकली होती. पण प्रसंग लावले होते कॅलेंडरप्रमाणे, आदली रात्र आधी आणि चिखल शेवटी. मुक्ताच्या वाट्याला तर चिखल सगळ्यात आधी आला होता. वाचक तिचं बोट धरून चालत होता आणि मी त्याला भिंतीवरचं पंचांग दाखवत होते.

मग वहीत दोन रकाने आखले: डावीकडे तारीख, उजवीकडे मुक्ताचा कितवा तास. कथा उजव्या रकान्याप्रमाणे पुन्हा मांडली. तारखा जवळपास सगळ्या गेल्या. किराणा दुकानदार "पंचवीस नवे पैसे" म्हणाला की काळ कळतो. दशमान नाणी १९५७ ला आली, लोकांच्या तोंडी आणे अजून होतेच. मुक्ताच्या स्वतःच्या तासांसाठी खूण सापडली ती मोबाइलची. ८१ टक्के, ५८, ३१. तिकडे चार्जर लावणार कुठे? आकडा फक्त उतरत जाणार.

भूतकाळ बदलता येतो का, यावर मात्र मी महिनाभर अडले. एका प्रसंगात बदलत होता, दुसऱ्यात नाही, कारण मला तसं सोयीचं होतं. शेवटी ठरवलं, काहीच बदलणार नाही. जे घडलं त्यात मुक्ता पहिल्यापासून होतीच. धरणावर निरोप धाडण्याचा माझा लाडका प्रसंग त्यात गेला. मोबदल्यात आजीच्या कपाळावरची खोक मिळाली. "कुणीतरी जिन्यावर ढकललं होतं मला," असं ती पहिल्याच पानावर सांगते. पाणी चढत असताना तिला वर ढकलणारी मुक्ताच.

दुसरा खर्डा मावशीनं एका बैठकीत वाचला आणि शेवटून तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "एकतिसाचे सेहेचाळीस कसे झाले गं? पुरात तर वीज गेली होती."

तिथे सव्वीस केले आणि कथा पाठवून दिली.