झ्युरिक विमानतळ ते म्युरेन: टॅक्सी, भाड्याची गाडी की रेल्वे?

स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला जायचं ठरलं आणि घरात सरळ दोन तट पडले. बरोबर आई-बाबा, भरीला मोठ्या बॅगा, त्यात रात्रभराचा विमानप्रवास. तेव्हा विमानतळाबाहेर गाडी उभी असावी, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसरा पक्ष रेल्वेचा. वाद अखेर गावानेच मिटवला. म्युरेन सुमारे १,६४० मीटर उंचीवर, कड्याच्या काठावर वसलंय आणि पर्यटकांची गाडी तिथवर जातच नाही. टॅक्सी करा नाहीतर स्वतः चालवत जा, खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत गाडी सोडून, बॅगा उचलून केबलकारमध्ये चढावंच लागतं. कित्येकशे फ्रँक टॅक्सीवर घालवून शेवटचा टप्पा काही चुकत नाही.

म्हणून अशा खेड्याला जाताना बेत मुक्कामाच्या दारापासून मागे मागे आखत यावा. शेवटचं वाहन कोणतं, ते किती वाजेपर्यंत चालतं, हे आधी पाहायचं. विमानतळावरून काय घ्यायचं ते मग आपोआप ठरतं.

मुंबईहून थेट येणारं विमान पहाटे उतरतं, ही मोठीच सोय. लांब पल्ल्याची विमानं बहुधा डॉक ई या वेगळ्या इमारतीला लागतात आणि तिथून मुख्य इमारतीत यायला स्कायमेट्रो ही भुयारी गाडी आहे. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत डब्यात गाईंचं हंबरणं आणि घंटांचे आवाज ऐकवतात. पेंगुळलेले बाबा ताडकन जागे झाले! रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे. सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने खाली उतरलं की फलाट. बॅगांची ट्रॉली ढकलत रस्ता ओलांडायची वेळ येत नाही.

आम्ही आधी बर्न, तिथे गाडी बदलून इंटरलाकेन ओस्ट, मग लाउटरब्रुनेन असे गेलो. पुढची केबलकार आणि डोंगरावरची छोटी गाडी धरून साडेतीन तासांच्या आसपास लागतात. एसबीबी या स्विस रेल्वेच्या अॅपवर फलाट क्रमांकासकट सगळं दिसतं. साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, त्यामुळे एक गाडी हुकली तर पुढची धरायची, जीव टांगणीला लावायचं कारण नाही.

दोन ठिकाणी मात्र लक्ष ठेवा. इंटरलाकेन वेस्ट आधी येतं. नुसतं ‘इंटरलाकेन’ ऐकून तिथे उतरू नका, आपल्याला ओस्ट, म्हणजे पूर्वेचं स्टेशन हवंय. पुढची गाडी दोन भागांची असते. त्स्वाइल्युचिनेनला ते भाग सुटे होतात, एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा, नाहीतर नवरा एका दरीत आणि बायको दुसरीत!

लाउटरब्रुनेनची केबलकार स्टेशनसमोरच आहे. ती ग्रुटशाल्पला नेते आणि तिथून छोटी रेल्वे तासाभराहून जास्त चालायचं अंतर पाव तासात कापते. १८९१ पासूनचा मार्ग आहे हा. डावीकडे बसा: आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं त्याच बाजूला दिसतात. आईचे गुडघे दुखतात, तरी एवढ्या बदलांत तिला जड गेलं नाही, कारण मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार आहेत. बॅगा मात्र प्रत्येकाने स्वतःला उचलता येईल एवढ्याच घ्या.

तिकिटाचं गणित तुमच्या फिरण्यावर आहे. रोज लांब कुठेतरी जाणार असाल तर ठराविक दिवस हवं तितकं फिरू देणारा स्विस ट्रॅव्हल पास घ्या, तो म्युरेनपर्यंत चालतो. गावातच राहून पायी भटकणार असाल तर अर्ध्या भाड्यात तिकीट देणारं हाफ फेअर कार्ड स्वस्त पडतं. सवलतीचं सुपरसेव्हर तिकीट पाहून मोह होतो, पण ते ठरलेल्या गाडीलाच चालतं. येण्याच्या दिवशी ते नकोच. विमानाला उशीर झाला की पैसे पाण्यात.

गाडीच्या पक्षावर अन्याय नको. मुक्काम एमेंटालसारख्या भागात, बसथांब्यापासून दूर एखाद्या शेतघरात असेल, तर गाडीच बरी. मोटरवेसाठी ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर लागतं, पण स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीवर ते बहुधा आधीच असतं. तरी विमानातून उतरून, न झोपता, उजव्या बाजूने घाटरस्ता चालवायला मी कुणाला सांगणार नाही. रेल्वेने जवळच्या शहरापर्यंत जा, झोप काढा, दुसऱ्या दिवशी तिथून गाडी घ्या.

विमान रात्री उतरणार असेल तर वर पोहोचण्याची धडपड करू नका, झ्युरिकला किंवा इंटरलाकेनला राहा. आणि वसंतात किंवा नोव्हेंबरात जाणार असाल तर निघण्याआधी केबलकारच्या देखभालीच्या तारखा बघा. लाउटरब्रुनेनची बंद असली तर स्टेशनवरून १४१ क्रमांकाची बस श्टेखेलबर्गला जाते, तिथून दुसरी केबलकार म्युरेनला चढते.