उताराची गाडी

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेनं पुष्कळ दिलं. पण पेन हातात घेतल्यावर आधी आठवल्या त्या दोनच गोष्टी, एक उतार आणि एक दगड. दोन्ही मला दहावी झाल्यावर अकरा वर्षांनी उपयोगी पडल्या.

आपली शाळा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. साताऱ्यात सपाट जागा शोधावी लागते हे इथल्यांना सांगायला नको, पण फाटकापासून राजपथाकडे उतरणारा आपला रस्ता म्हणजे निव्वळ घसरगुंडी. शाळा सुटली की दप्तराचा बंद कपाळाला अडकवून आम्ही तो एका दमात उतरायचो. यायच्या वेळी मात्र चढताना जीव निघायचा आणि घंटा नेमकी पिंपळापाशी पोचलं की व्हायची. उशिरा आलेल्याला शिक्षा ठरलेली होती, हौदातलं दहा बादल्या पाणी झाडांना घालायचं. मैदानाच्या कडेचे गुलमोहर आज एवढे दिसतात, त्यात माझा वाटा मोठा आहे. समितीनं त्याची नोंद घ्यावी.

बादल्या मोजायला शास्त्राचे सर उभे असत. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. ‘अप्रकट उष्मा’ हा धडा ते फार तल्लीन होऊन शिकवत, आणि त्यांचा स्वतःचा उष्मा इतका प्रकट असायचा की पोरांनी त्यांचं नावच ‘उष्मा’ ठेवलं होतं.

मी १९८१ च्या बॅचचा. १९९२ मध्ये, नोकरीत जरा स्थिरावल्यावर, कराडच्या एका डॉक्टरांकडून मी जुनी गाडी घेतली. अठ्ठावीस हजार रुपये, पिस्त्यासारखा रंग, गिअर स्टिअरिंगलाच. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, गल्लीभर कंदी पेढे वाटले. मग मी ऐटीत चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट् कट्. लिंबू शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली तेव्हा चिरडलं.

पोवई नाक्यावरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “डायनामो चार्जिंग देत नाही, म्हणून बॅटरी उतरते. कार्बोरेटरात कचरा आहे. प्लॅटिन जळालेत. बाकी गाडी झकास.” एक दुरुस्त केलं की दुसरं निघायचं. दोष एकट्या गाडीचा नव्हता, वयही झालं होतं तिचं. पगारातले निम्मे पैसे त्या बॉनेटखाली जायला लागल्यावर सेल्फचा नाद सोडला आणि रोज धक्का मारायचं ठरवलं. पण आमची गल्ली सपाट! तेव्हा शाळेचा उतार आठवला.

रोज संध्याकाळी गाडी शाळेच्या फाटकासमोर, तोंड खाली करून लावायची. हँडब्रेक नावापुरता होता, म्हणून पुढच्या चाकाला दगड. हा दगड शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीतला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात भिंतीचा कोपरा ढासळला, त्यातले चार-सहा घडीव दगड तेव्हापासून फाटकापाशी पडून होते. एका बाजूला छिन्नीच्या रेघा, दुसरी बाजू गुळगुळीत. शाळेत असताना घंटेची वाट बघत आम्ही त्यावरच बसायचो. शिपाईमामा माझ्यासाठी तो बाजूला काढून ठेवत. सकाळी दगड काढायचा, चोक ओढायचा, सेकंड टाकून क्लच दाबून धरायचा, गाडी सुटली की पिंपळापाशी झटक्यात क्लच सोडायचा. दोन आचके, एक धुराचा लोट, आणि चालू.

थंडीत मात्र नुसत्या उतारानं भागायचं नाही. मग उशिरा आलेली पोरं मदतीला धावत. पाच-सहा जण डिकीला हात लावून ओरडत मला पिंपळापर्यंत पोचवत आणि धापा टाकत परत वर चढून फाटकात शिरत. “काकांची गाडी ढकलत होतो सर,” हे कारण आठवडाभर चाललं. पुढच्या आठवड्यात वेळेवर येणारी पोरंसुद्धा पिंपळाखाली रेंगाळायला लागली. शेवटी मुख्याध्यापकांनी वर्गावर्गातून सूचना फिरवली, ‘रस्त्यावरील वाहनास धक्का देणे हे उशिराचे कारण ग्राह्य धरले जाणार नाही.’ माझ्या भाच्यानं ती घरी येऊन शब्दशः म्हणून दाखवली. शाळा सोडून अकरा वर्षं झाली तरी उशिराच्या भानगडीत माझंच नाव.

१९९३ च्या मे महिन्यात शास्त्राच्या सरांना पुण्याला लेकीकडे सोडायचं होतं. ते तोवर निवृत्त झाले होते. मी म्हटलं, माझ्या गाडीतून चला. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फिरकीचा तांब्या भरून घेतला. भुईंज, सुरूर सगळं ठीक गेलं. खंबाटकी घाटात तेव्हा बोगदा नव्हता, जाणारं-येणारं सगळं त्याच रस्त्यावर. एका ट्रकमागे पहिल्या गिअरवर रांगताना गाडी खोकली, थरथरली आणि थांबली. उताराची गाडी, आणि मी तिला भर दुपारी चढावर आणलेलं.

मी बॉनेट उघडून उगाच वायरी हलवल्या. सर उतरले, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाला लांबूनच हात दाखवला. “तापलाय. पेट्रोलची आतच वाफ झाली, पंप काय ओढणार?” मी तांब्या घेऊन ओतायला निघालो. “थांब! इंजिनवर ओतशील तर तडकेल. अप्रकट उष्मा म्हणजे काय?”

“सर, आत्ता?”

“मग कधी? नववीत विचारलं तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.”

ट्रक अंगावरून जात होते, क्लीनर हसत होते. मी म्हटलं, “पदार्थाची अवस्था बदलताना तो जी उष्णता शोषून घेतो...”

“तापमान न बदलता. ते राहिलं. पाण्याचा?”

“एका ग्रॅमला ५४० कॅलरी.”

तेव्हा कुठे त्यांनी खांद्यावरचा पंचा तांब्यात बुडवला, पिळला आणि पंपाभोवती लंगोटासारखा गुंडाळला. “ती उष्णता आता पाणी पंपातून घेईल. पेट्रोलची वाफ झाली म्हणून गाडी थांबली, पाण्याची वाफ होईल म्हणून चालेल.” आम्ही दरडीच्या सावलीला बसलो. ते पंधरा मिनिटांत तीनदा उठले, पंचा ओला केला, परत येऊन बसले. मग मी चावी फिरवली. सेल्फनं त्या दिवशी का कोण जाणे, पहिल्याच खेपेला इंजिन उचललं. पंचा तसाच पंपाला ठेवून आम्ही शिरवळपर्यंत गेलो. नंतर त्याचा पेट्रोलचा वास गेलाच नाही. सरांनी तो पुण्याहून पत्रासोबत पोस्टानं मला परत पाठवला. पत्रात एकच ओळ होती, ‘गाडीत ठेव.’

१९९६ मध्ये गाडी कोरेगावच्या एका शेतकऱ्याला विकली. “फॉल्ट काय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काही नाही, फक्त उतारावर लावा.” पंचा डिकीत राहू दिला. जाताना दगडही दिला. त्यावर शिपाईमामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दगड शाळेचा होता, असं त्यांचं म्हणणं.