तुम्ही विचारलंत म्हणून: फोन आला की कानातलं मशीन काढता का?

नाही, काढत नाही. काढलं तर पलीकडचा माणूस ‘हॅलो’ म्हणतोय की ‘राँग नंबर’, एवढंही मला कळणार नाही. तरी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न ठरलेला. हल्ली विचारणाऱ्यांत एक नवी भर पडली आहे. घरात आईला किंवा सासऱ्यांना नुकतं मशीन आणलंय आणि मशीन आल्यापासून ते फोन घ्यायचंच टाळतात, अशी मंडळी. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

आधी फोन धरायचा कुठे ते. माझी मशीनं कानामागे बसणारी आहेत. त्यांचे माइक कानाच्या वरच्या कडेपाशी येतात. आपण सवयीने फोन लावतो तो कानाच्या भोकावर, आणि तिथे तर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, बसलेला असतो. म्हणजे फोन बोलतो एका ठिकाणी आणि मशीन ऐकतं दुसऱ्याच ठिकाणी. फोन दोन बोटं वर सरकवायचा, किंचित मागे घ्यायचा आणि दाबायचा नाही. दाबला की शिट्टी वाजते, कारण मोल्डच्या फटीतून निसटलेला आवाज फोनवर आपटून परत माइकात शिरतो, वाढून पुन्हा बाहेर येतो आणि तेच चक्र सुरू राहतं. बघणाऱ्याला वाटतं, बाई कपाळाला फोन लावून बसल्यात. वाटू दे.

ही युक्ती जमली तरी पूर्वी एक वेगळीच पीडा होती. रेडिओशेजारी मोबाइल ठेवला की रिंग वाजायच्या आधी रेडिओतून ‘टिडिक टिडिक’ यायचं, आठवतंय? टू-जीचा फोन लहरी सलग सोडत नाही, सेकंदाला साधारण 217 वेळा झटक्याझटक्याने सोडतो. ते झटके जवळच्या कुठल्याही ॲम्प्लिफायरमध्ये उमटतात, आणि कानाचं मशीन म्हणजे शेवटी ॲम्प्लिफायरच. तुम्ही ती गुरगुर खोलीत ऐकलीत, मी कानाच्या आत. कॉल फोर-जीवरून व्हायला लागले आणि माझ्यापुरती ती कटकट मिटली.

फोर-जीचा खरा फायदा मात्र दुसराच आहे. जुन्या पद्धतीच्या कॉलमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला आवाज जातो; हर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. ‘स’ आणि ‘श’ची धार बरीचशी त्याच्या वर असते. जे पलीकडून निघालंच नाही ते मशीन वाढवणार कसं? फोर-जीवरच्या एचडी कॉलमध्ये 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, पण दोन्हीकडे ती सोय असेल तरच. सासूबाई अजून जुना कीपॅडचा फोन सोडत नाहीत. त्यांचे ‘शेंगदाणे’ माझ्यापर्यंत ‘एंगदाणे’ होऊन येतात. नणंदेच्या फोनवरून त्याच बोलल्या की शेंगदाणे पुन्हा अख्खे.

“पण आता ब्लूटूथ असतं ना?” असतं, आणि चांगलं असतं. फोनमधला आवाज थेट दोन्ही कानांत येतो, आणि दोन कानांनी फोन ऐकणं म्हणजे काय चैन असते ते एका कानाने वर्षानुवर्षं झटापट केलेल्यालाच कळेल. फक्त दोन गोष्टी दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. पहिली, कुठलंही मशीन कुठल्याही फोनशी जुळत नाही. आयफोनशी थेट जुळणारी मशीनं 2014मध्ये आली. अँड्रॉइडने आपली सोय दिली ती अँड्रॉइड 10पासून, पण ती सगळ्या फोनांत सारखी चालत नाही. काही मशीनं साध्या ब्लूटूथवर चालतात. आता एलई ऑडिओ नावाचा नवा प्रकार आलाय, त्याला मशीन आणि फोन दोन्ही नवे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला आवाज पलीकडे कुठून जातो. माझ्या मशीनांत पलीकडचं बोलणं कानात येतं, पण माझं बोलणं फोनच्याच माइकातून जातं. फोन ओट्यावर ठेवून मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले, तर बहिणीचा शब्दन् शब्द मला लख्ख ऐकू येतो आणि ती तिकडे ओरडत असते, “अगं, गेलीस कुठे?” काही मशीनं आपला आवाजही स्वतःच पकडतात, मग फोन खिशात राहिला तरी चालतं. घ्यायच्या आधी हे विचारा.

ब्लूटूथचा एक उपद्व्याप कानाशी संबंधित नाही. एका काउंटरवरच्या साहेबांनी मला सुनावलं होतं, “मॅडम, आधी कानातलं ब्लूटूथ काढा, मग बोला.” म्हटलं, काढते, पण मग तुम्हाला लिहून द्यावं लागेल. पुढचं काम भराभर झालं.

एवढं सगळं असूनही मी फोनवर “काय?” म्हणते, आणि घरच्यांना तेच कोडं पडतं. एवढं महागाचं मशीन, वर ब्लूटूथ, आणि तरी काय? अहो, समोर बसून बोलताना मी अर्धं कानांनी ऐकते आणि अर्धं तुमच्या ओठांवरून उचलते. फोनवर ओठ कुठून आणू? ओळखीचा आवाज, ओळखीचा विषय असला की गाळलेल्या जागा भरता येतात. कुरिअरवाल्याचं तसं नाही. अनोळखी आवाज, मागे ट्रॅफिक आणि तो सांगणार आकडा. सात, आठ, साठ. एकोणसाठ, एकोणसत्तर. इंग्रजीत सांगितलं तर फाइव्ह आणि नाइन. मी सरळ म्हणते, “दादा, मला कमी ऐकू येतं, मेसेज टाका.” बहुतेक जण टाकतात. आकडा फोनवर घ्यायचाच असेल तर एकेक अंक सुटा घ्यायचा आणि परत म्हणून दाखवायचा.

घरच्यांनी काय करायचं? ओरडायचं नाही. ओरडून आवाज मोठा होतो, शब्द मात्र फाटतात. आधी विषय सांगायचा. “नानांच्या रिपोर्टचं बोलतेय” हे पहिलं वाक्य पोचलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं. नाही कळलं तर तेच शब्द घोकण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगायचं. आणि “जाऊ दे, काही विशेष नाही” हे तर कधीच म्हणायचं नाही. विशेष आहे की नाही ते आम्ही ऐकून ठरवू. वयस्कर माणसं फोन टाळायला लागतात ती बहुतेक याच वाक्यामुळे, असं माझं पक्कं मत आहे.

कॉल स्पीकरवर टाकून शेजारच्या दुसऱ्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब उघडलं, तर मराठी बोलणं अक्षरांत उमटतं. गावाकडच्या बोलीला ते गडबडतं, पण डॉक्टरांच्या फोनला उपयोगी पडतं. रात्री मशीनं काढून डबीत जातात, तेव्हा फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली.

राहिला प्रश्न कुठलं घ्यावं याचा. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण माझा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, तुमच्या आईचा नव्हे. तपासणी आधी नीट करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था 1983पासून याच कामासाठी आहे. मशीनच्या ट्रायलला जाताना आईचा स्वतःचा फोन न्या. दुकानदार त्याच्या भारीतल्या फोनवर जोडून दाखवेल, त्यावर जाऊ नका. त्या शांत खोलीत सगळंच ऐकू येतं. मशीन घालून तिला खाली रस्त्यावर न्या, बसथांब्यापाशी उभी करा आणि जिच्याशी ती रोज बोलते त्या मावशीला तिच्याच हाताने फोन लावायला सांगा. पैसे त्यानंतर.