तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरचे उपचार फुकट, मग गरीब माणूस का दगावतो?

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांत, हा प्रश्न हमखास निघतो: "आता रेशनकार्डावर ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं होतं. मग पैसेवाले वाचतात आणि आमचीच माणसं का जातात?"

प्रश्न रास्त आहे. 2010 ते 2014 या काळात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्यांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत सुमारे 90 टक्के होतं, भारतात 66. नेहमीची औषधं बरीचशी दोन्हीकडे तीच आहेत. रुग्ण कुठल्या टप्प्यावर पोचला आणि ठरलेला उपचार ठरलेल्या दिवसांत पुरा झाला का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. गरिबी नेमकी तिथे आडवी येते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते दवाखान्यातल्या उपचाराला. त्याआधी ओपीडीत फिरताना झालेल्या तपासण्या, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी बहुतेक वेळा खिशातूनच जाते. हजार विड्यांमागे पैसे मिळणारी बाई दिवसभर दवाखान्याच्या रांगेत बसली, तर त्या दिवशीची कमाई शून्य. म्हणून ती दुखेपर्यंत थांबते. आणि सुरुवातीचा कॅन्सर सहसा दुखतच नाही. स्तनातली गाठ दुखत नाही, मिश्री लावून गालाच्या आत उठलेला पांढरा चट्टा दुखत नाही. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी झाली, पाळी गेल्यावर पुन्हा किंवा संबंधानंतर अंगावरून रक्त गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

इथे एक चूक फार महाग पडते. जवळच्या दवाखान्यात थोडक्यात गाठ कापून घ्यायची आणि मोकळं व्हायचं. गाठ अर्धवट निघते, कधी काढलेला तुकडा तपासायलाच जात नाही. आधी सुईने बायोप्सी (म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी), मग उपचाराचा बेत, मग सुरी, हाच क्रम. बायोप्सीच्या काचा (स्लाइड) आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या आणि जपा. पुढचं हॉस्पिटल ते मागतंच. नसेल तर बायोप्सी परत करावी लागते आणि तेवढे दिवस जातात.

तपासणी दारात आली की काय होतं, हे आपल्या शेजारीच दिसलं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. निष्कर्ष 2009 साली आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी झाली, त्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू चाचणी न झालेल्यांच्या जवळपास निम्मे होते. त्या बायका श्रीमंत झाल्या नव्हत्या. चाचणी वेळेत झाली होती, आणि दोष सापडला त्यांना उपचार मिळाला होता.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मधेच सोडलेल्या शेकाने. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे शेक लागतात. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला साधारण 25 बाहेरून, शिवाय आतून, आणि सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलतं, जेवण जात नाही, उधारी संपते, आणि नेमका तेव्हाच "चार दिवस गावाकडे जाऊन येतो" असा विचार येतो. याच सुमारास उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता ढोबळमानाने एका टक्क्याने घटते. गड्ड्याची जत्रा असो की घरातलं लग्न, शेक चुकवू नका. चुकलाच तर तो कसा भरून काढायचा ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. रोज ये-जा परवडत नसेल तर राहायची सोय पहिल्या दिवशीच दवाखान्याच्या समाजसेवा विभागात मागा, चौथ्या आठवड्यात नाही.

रक्ताचंही तसंच. हिमोग्लोबिन कमी असेल तर गाठीत प्राणवायू कमी पोचतो आणि शेकाचा परिणाम उणा पडतो. आपल्याकडे कितीतरी बायका 8-9 हिमोग्लोबिनवरच संसार ओढतात. शेक सुरू व्हायच्या आधी ते तपासून वाढवून घ्या. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालायला लाजू नका. खंगलेल्या माणसाचा उपचार मधेच थांबवावा लागतो.

कागदांचं थोडक्यात. दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. रेशनकार्ड आणि आधारवर नाव वेगळं असेल तर मंजुरी अडकते, ते आधीच दुरुस्त करा. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याणच्या दवाखान्यात मदतीची चौकशी करा. मुंबईला जायचं झालं तर दवाखान्याचा दाखला दाखवून रेल्वेच्या स्लीपरमध्ये रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते.

आणि केमोनंतरचा ताप. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजताही निघायचं, कारण जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. गाडीला पैसे नाहीत म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं यात जातात. थर्मामीटर आणि रात्रीच्या रिक्षाचे पैसे पहिल्या केमोच्या आधीच बाजूला काढून ठेवा, आणि घरात सगळ्यांना ते कुठे आहेत हे माहीत असू द्या.